जुन्या बातम्यांतला जामीन : कात्रण हाती आल्यावर काय पाहावे

गावाचा इतिहास लिहिण्यासाठी, घराण्याची नोंद ठेवण्यासाठी किंवा प्रबंधासाठी जुनी वर्तमानपत्रे चाळणारे लोक गोव्यात आता बरेच भेटतात. त्यांच्या हाती अटक आणि जामिनाच्या बातम्या हमखास लागतात, आणि सर्वांत जास्त चुकीचा अर्थ याच बातम्यांचा लावला जातो. एखाद्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात की आजोबांना पाचशे रुपये दंड झाला होता. कात्रण काढून पाहावे तर तिथे दंड नसतो, पाचशेचा जामीन असतो. दंड हा निकालानंतर होतो, जामीन सहसा निकालाआधी. एवढ्या एका फरकाने निर्दोष सुटलेला माणूस घरच्यांच्या आठवणीत गुन्हेगार ठरतो. म्हणून ही बातमी सावकाश, टप्प्याटप्प्याने कशी वाचावी ते इथे लिहितो.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करून घ्या. जामिनाच्या बातमीतून कळते ते इतकेच : खटला संपेपर्यंत माणूस बाहेर राहणार की आत, आणि बाहेर राहणार असेल तर कोणाच्या भरवशावर. त्याने गुन्हा केला की नाही, याबद्दल ती बातमी काहीही सांगत नाही.

पहिले काम : तारीख, गाव आणि राजवट

कात्रण वाचण्याआधी अंकाची तारीख लिहून घ्या. त्याखाली बातमी कुठल्या गावाहून आली ते लिहा. गोव्याच्या बाबतीत हे फार महत्त्वाचे आहे, कारण जामीन कोणत्या कायद्याने दिला हे तारखेवर आणि गावावर ठरते.

१९ डिसेंबर १९६१ पूर्वीची गोव्यातली बातमी असेल तर मागे पोर्तुगीज कायदा आणि पोर्तुगीज न्यायालये आहेत : खाली कोमार्काचा (न्यायिक जिल्ह्याचा) न्यायाधीश, वर पणजीचे रेलासांव, म्हणजे वरचे अपील न्यायालय. ‘इल्यास’ म्हणजे तिसवाडी, ‘साल्सेत’ म्हणजे सासष्टी, ‘बार्देस’ म्हणजे बारदेश, हे लक्षात ठेवले तर कोणत्या कोर्टाचे प्रकरण ते लगेच कळते. पण बातमी मुंबईची किंवा बेळगावची असेल, तर आरोपी सातपिढ्यांचा गोंयकार असला तरी कायदा ब्रिटिश हिंदुस्थानचा. मुंबईत नोकरीला गेलेल्या गोमंतकीयांच्या खूप बातम्या मुंबईच्या पत्रांत आहेत. त्यांना पोर्तुगीज चौकटीत बसवू नका.

मुक्तीनंतर सगळे एका रात्रीत बदलले नाही. भारतीय फौजदारी कायदे गोव्याला लागू करण्याची तरतूद १९६२च्या नियमनाने झाली. रेलासांवच्या जागी ज्युडिशियल कमिशनरचे न्यायालय डिसेंबर १९६३ मध्ये आले. मुंबई उच्च न्यायालयाचे पणजी खंडपीठ ३० ऑक्टोबर १९८२ पासूनचे. त्यामुळे १९७० च्या बातमीवर टिपण करताना ‘उच्च न्यायालयाने जामीन दिला’ असे लिहिले तर चूक होईल, तेव्हा गोव्यात ते काम ज्युडिशियल कमिशनर करीत. १ एप्रिल १९७४ पासून नवी फौजदारी प्रक्रिया संहिता आली आणि १ जुलै २०२४ पासून तिची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली. कलमांचे आकडे प्रत्येक वेळी बदलले. १८९८च्या संहितेत जामिनाची मुख्य कलमे ४९६ ते ४९८, १९७३च्या संहितेत ४३६ ते ४३९, आताच्या संहितेत ४७८ ते ४८३. कात्रणाची तारीख फाटून गेली असेल आणि कलमाचा आकडा शाबूत असेल, तर काळ ओळखायला तेवढे पुरते.

रकमेचेही तसेच. गोव्यात १९५९ च्या सुमारास रुपिया जाऊन एस्कुद आला, एका रुपियाला सहा एस्कुद या दराने. म्हणून तीन हजार एस्कुदांचा आकडा पाहून दचकू नका, तो पाचशे रुपियांचाच. मुक्तीनंतर भारतीय रुपया. जुन्या रकमेला आजच्या पैशांत ‘एवढे लाख’ असे रूपांतर करून छापण्याचा मोह टाळा. त्याच अंकातला तांदळाचा भाव किंवा शिक्षकाच्या जागेची जाहिरात शोधून शेजारी लिहा, त्यावरून वाचकाला त्या रकमेचे वजन जास्त नेमके कळते.

दुसरे काम : जामीन कोण, आणि जामीन काय

इथे सर्वांत जास्त वेळ द्यावा. आज आपण ‘जामीन’ म्हटले की कोर्टाचा आदेश डोळ्यांसमोर येतो. जुन्या मराठीत जामीन हा आधी माणूस आहे : दुसऱ्यासाठी उभा राहणारा. ‘अमक्याला तमका जामीन राहिला’ या वाक्यात कोर्ट असेलच असे नाही. कर्जाला, मक्त्याला, नोकरीतल्या रोकडीलाही जामीन लागे. जुन्या कागदपत्रांत हाजीरजामीन म्हणजे माणूस हजर करण्याची हमी घेणारा, मालजामीन म्हणजे पैसे फेडण्याची हमी घेणारा, फैलजामीन म्हणजे पुढच्या वर्तणुकीची हमी घेणारा, असे वेगवेगळे शब्दच होते. वर्तमानपत्रांपर्यंत येता येता हे तिन्ही एकाच ‘जामीन’ शब्दात शिरले. म्हणून बातमीत जामीन दिसला की तीन प्रश्न विचारा : कोण देतो, कोणाला देतो, आणि कशाबद्दल देतो?

हे किती फरक पाडते ते लोकमान्य टिळकांच्या तीन प्रकरणांत दिसते. १८९७ च्या राजद्रोह खटल्यात न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना जामिनावर सोडले. १९०८ मध्ये न्यायमूर्ती दावर यांनी जामीन नाकारला, आणि हेच दावर १८९७ मध्ये वकील म्हणून टिळकांच्या बाजूने जामीन मागायला उभे होते. या दोन्ही बातम्यांतला जामीन म्हणजे सुटकेचे साधन. पण १९१६ मध्ये ‘टिळकांकडून जामीन मागितला’ अशी बातमी येते तेव्हा टिळक अटकेत नाहीतच! होमरूलच्या भाषणांवरून पुण्याच्या जिल्हा मॅजिस्ट्रेटने वर्षभर चांगल्या वर्तणुकीची हमी म्हणून २० हजारांचा जातमुचलका (स्वतः लिहून दिलेली हमी) आणि प्रत्येकी १० हजारांचे दोन जामीन मागितले होते. उच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९१६ मध्ये तो हुकूम रद्द केला. पहिल्या अर्थाचा जामीन मिळाला तर आनंद, या अर्थाचा मागितला गेला तर संकट. मथळा सारखाच दिसतो, अर्थ नेमका उलटा.

आणखी एक प्रकार छापखान्यांचा. १९१०च्या प्रेस ॲक्टनंतर ब्रिटिश हद्दीतल्या पत्रांना आणि छापखान्यांना सरकारकडे रक्कम ठेवावी लागे. ‘अमुक पत्राकडून दोन हजारांचा जामीन मागितला’, ‘जामीन जप्त’, अशा बातम्या त्या काळात पुष्कळ. इथे कोणी पकडला गेलेला नाही, जामीन म्हणजे सरळ अनामत रक्कम. संपादकाच्या चरित्रात अशा ओळीवरून ‘त्यांना अटक झाली’ असे लिहिले गेले, तर पुढचे सगळे लेखक तीच चूक उचलतात. हिंदी पत्रे चाळत असाल तर ‘जमानत जब्त’ बहुतेक वेळा निवडणुकीतल्या उमेदवाराची असते. मराठीत त्याला आपण अनामत जप्त म्हणतो.

तिसरे काम : रकमेचे वाक्य सोडवणे

सरावासाठी जुन्या धाटणीचे एक वाक्य मी इथे रचून देतो : ‘दंग्याच्या प्रकरणांतील इसमांस प्रत्येकीं पांचशें रुपयांचा जातमुचलका व तितक्याच रकमेचे दोन जामीन घेऊन सोडण्यांत आलें.’

जातमुचलका म्हणजे आरोपीने स्वतः लिहून दिलेला कागद : हजर राहीन, न राहिलो तर पाचशे भरीन. ‘दोन जामीन’ म्हणजे दोन माणसे. त्यांनीही तसेच लिहून दिले. कोणीही खिशातून रुपया काढलेला नाही. रोख भरली असती तर बातमीत बहुधा ‘रोख जामीन’ किंवा ‘अनामत ठेवून’ असे आले असते. ‘तितक्याच रकमेचे’ म्हणजे दोघांचे मिळून पाचशे की प्रत्येकाचे पाचशे, हे या वाक्यावरून ठरत नाही. अशा वेळी दोन्ही शक्यता टिपणात लिहा आणि दुसऱ्या पत्रातली बातमी किंवा कोर्टाचा हुकूम मिळतो का पाहा. नुसताच ‘मुचलक्यावर सुटका’ असा उल्लेख असेल तर हमीदार नव्हता, असे सहसा समजायला हरकत नाही.

हमीदार कोण होते, हे बातमीत आले असेल तर ती ओळ सोन्यासारखी जपा. एखाद्या कुळाच्या बाजूने गावचा भाटकार (जमीनदार) उभा राहिला की दुकानदार, की दुसऱ्या वाड्यावरचा कोणी, यावरून त्या काळचे गावातले संबंध कळतात. माझ्या मते स्थानिक इतिहासासाठी आरोपापेक्षाही ही ओळ अधिक मोलाची असते.

पोर्तुगीज काळातली पत्रे

गोव्यातले पहिले वर्तमानपत्र ‘गॅझेता दि गोवा’ १८२१ चे, सरकारी. ‘ओ हेराल्दो’ १९०० पासून पोर्तुगीजमधून निघे, १९८३ मध्ये ते इंग्रजी झाले. मराठीत केपेंहून गोविंद पुंडलिक हेगडे देसाई यांचे ‘भारत’ होते. पोर्तुगीज पत्र वाचताना जामिनासाठी दोन शब्द शोधा : फियांसा आणि कावसांव. फियादोर म्हणजे हमीदार. ‘प्रिझांव प्रेव्हेंतीव्ह’ म्हणजे खटल्याआधीची कोठडी. ‘प्रोनूंसिया’ म्हणजे आरोप निश्चित करणारा न्यायाधीशाचा हुकूम, ही शिक्षा नव्हे. ‘आब्सोल्व्हीद’ म्हणजे निर्दोष सुटला, ‘कोंदेनाद’ म्हणजे शिक्षा झाली. ‘सोल्त’ मात्र नुसता सुटला इतकेच सांगतो. त्याच्यापुढे फियांसाचा उल्लेख आहे का ते पाहिल्याशिवाय अर्थ लावू नका.

कावसांव आणि फियादोर हे शब्द फौजदारीबाहेरही येतात. कंत्राटे, पावण्या (लिलाव), कर्जे यांच्या नोटिसांत ते सापडतात. ‘बोलेतीं ओफिसियाल’ या सरकारी राजपत्रात पणजोबांचे नाव फियादोर म्हणून दिसले, तर त्यांचा कोर्टाशी संबंध होता असे समजू नका. बहुधा कोणाच्या तरी पावणीला ते हमी राहिले असतील.

पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारच्या राजवटीत वर्तमानपत्रांवर सेन्सॉर होता. त्यामुळे राजकीय अटकेची गोव्यातली बातमी त्रोटक असते किंवा नसतेच. अशा प्रकरणासाठी त्याच आठवड्याची मुंबईची मराठी व इंग्रजी पत्रे बघावीत. शिवाय गोवा मुक्तिलढ्यातल्या अनेक सत्याग्रहींवर लष्करी न्यायालयात खटले चालले. डॉ. त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हा यांना १९४६ मध्ये आठ वर्षांची शिक्षा होऊन पोर्तुगालला पाठवण्यात आले. अशा प्रकरणांत जामिनाची बातमी मिळत नाही म्हणून शोध थांबवू नका. अटक, शिक्षा, हद्दपारी आणि सुटका, याच क्रमाने शोध घ्यावा. आणि सत्याग्रहीने स्वतःच जामीन द्यायला नकार दिला असेल, तर ‘जामीन मिळाला नाही’ असे लिहिणे त्याच्यावर अन्याय आहे. त्याने तो घेतला नाही, असे लिहावे.

मुक्तीनंतरची मराठी पत्रे

‘गोमन्तक’ १९६२ मध्ये सुरू झाले, मडगावचे ‘राष्ट्रमत’ त्यानंतर, ‘नवप्रभा’ १९७० मध्ये. इथली भाषा आपल्या ओळखीची, म्हणून घसरगुंडी जास्त.

‘जामीन मंजूर’ आणि ‘जामिनावर सुटका’ या दोन वेगळ्या घटना आहेत. हुकूम एका दिवशी होतो, हमीदार आणि कागद पुरे व्हायला आणखी वेळ जातो, कधी तो पुरा होतच नाही. तारीखवार नोंद करताना दोन्ही वेगळ्या लिहा. ‘जामीन फेटाळला’ म्हणजे अर्ज फेटाळला. ‘जामीन रद्द’ म्हणजे आधी दिलेला काढून घेतला. ‘जामीन जप्त’ म्हणजे माणूस हजर न राहिल्याने हमीची रक्कम सरकारजमा. तिन्हींत माणसाची अवस्था वेगळी आहे. ‘मुक्तता’ हा मथळा तर सर्वांत फसवा : जामिनावर मुक्तता, आरोपमुक्तता की निर्दोष मुक्तता, हे खालच्या मजकुरातच कळते. पॅरोल आणि फर्लो म्हणजे शिक्षा झालेल्या कैद्याला मिळणारी तात्पुरती सुट्टी, त्यांची जामिनात गल्लत करू नका. आग्वाद किंवा रेइश मागुश तुरुंगाचे नाव आले म्हणूनही माणूस शिक्षेचा कैदी होता असे ठरत नाही.

‘अटकपूर्व जामीन’ ही कायद्यातली तरतूद १९७३च्या संहितेने आणली, म्हणजे १ एप्रिल १९७४ पासून. त्याआधीच्या घटनेबद्दल कोणी नंतर लिहिलेल्या आठवणींत हा शब्द वापरला असेल, तर मूळ अंक पाहिल्याशिवाय विश्वास ठेवू नका. वेळेत आरोपपत्र न आल्याने मिळणारा जामीनही त्याच संहितेचा. आधी ६० दिवसांची मुदत होती, १९७८च्या दुरुस्तीने गंभीर गुन्ह्यांसाठी ती ९० दिवसांची झाली. असा जामीन मिळाला यावरून पुरावा कमकुवत होता, हे सिद्ध होत नाही. पोलिसांना मुदत पाळता आली नाही, इतकेच.

उलट बाजूही आहे. गोव्यातल्या १९९०नंतरच्या अंकांत अमली पदार्थांच्या प्रकरणी जामीन नाकारल्याच्या बातम्या खूप आहेत. अमली पदार्थविरोधी (एनडीपीएस) कायद्याच्या कलम ३७ मध्ये १९८९ पासून जामिनावर कडक अटी आल्या, २००१ मध्ये त्या बदलल्या. नकारामागे न्यायाधीशाचे मत असते, तशी कायद्याची ही अटही असते. आणीबाणीत मिसा या अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली स्थानबद्ध झालेल्यांना तर जामिनाचा रस्ताच नव्हता.

इंग्रजी पत्रांत काही ठरावीक शब्दप्रयोग चकवतात. ‘हेल्ड टु बेल’ म्हणजे आत ठेवले नव्हे, जामीन द्यायला लावला. ‘एन्लार्ज्ड ऑन बेल’ म्हणजे जामिनावर सोडले. ‘ॲडमिटेड टु बेल’ म्हणजे जामीन मंजूर केला, कबुलीजबाब दिला नव्हे. ‘बाउंड ओव्हर’ म्हणजे शांतता राखण्याचा बाँड लिहून घेतला.

शोध कुठे आणि कसा

पणजीला पाटोवरचे कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय हे पहिले ठिकाण. या ग्रंथालयाची परंपरा १८३२ पर्यंत मागे जाते. पुराभिलेख खात्यात सरकारी कागद, आणि पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात पोर्तुगीज साहित्य. जाण्याआधी प्रकरणाचा महिना तरी ठरवून जा. जुना कागद वारंवार उलटला की तुटतो, आणि तुटलेले पान पुढच्या माणसाला मिळत नाही.

संगणकावर शोधणार असाल तर एक अडचण गोव्यात फार जाणवते : ‘जामीन’ आणि ‘जमीन’. एका कान्याचा फरक, आणि यंत्र तो पुसट छपाईत सहज गाळते. कूळ कायदा १९६४ चा, मुंडकार (भाटकाराच्या जागेत घर करून राहणारा) कायदा १९७५ चा, त्या वर्षांतली पाने जमिनीच्या बातम्यांनी भरलेली. नुसता ‘जामीन’ टाकलात तर त्यांतच बुडाल. त्याऐवजी ‘जामिनावर’, ‘जामीनदार’, ‘मुचलका’, ‘मुचलक्यावर’, ‘हमीदार’, ‘कोठडी’, ‘रिमांड’ असे शब्द शोधा. विभक्ती लागली की ‘मी’ ऱ्हस्व होतो, पण जुन्या पत्रांत ‘जामीनावर’ही छापलेले असते. १९६२ च्या लेखननियमांआधीच्या अंकांत ‘सोडण्यांत’, ‘पांचशें’ असे अनुस्वार असतात, तेही घालून पाहा. कधी जमीन आणि जामीन खरोखरच एका ओळीत येतात, कारण हमीदाराला आपली मिळकत दाखवावी लागे. इंग्रजीत क्रिकेटच्या यष्टीवरच्या बेल्स आणि दुसऱ्या महायुद्धात विमानातून उडी मारणारे वैमानिक यांच्या बातम्या ‘बेल’ या शब्दाखालीच निघतात, त्या बाजूला काढा.

शेवटचे काम : निकालापर्यंत जाणे

अटकेची बातमी पहिल्या पानावर येते, जामिनाची आत, आणि निर्दोष सुटल्याची येते तेव्हा चार ओळींची, तीही कित्येक महिन्यांनी. बहुतेक शोधकर्ते जामिनाशी थांबतात. तुम्ही थांबू नका. बातमीत पुढची तारीख दिली असेल तर त्या तारखेनंतरचे दोन-तीन अंक पाहा, नसेल तर आरोपीचे नाव सोडून खटल्याचे प्रचलित नाव, गाव आणि वकिलांची नावे यांवरून शोधा. वार्षिक आढावे आणि अपिलाच्या बातम्याही उपयोगी पडतात. कोर्टाच्या निकालाची प्रत मिळाली तर वर्तमानपत्राच्या वर तिलाच मान द्या.

संबंधित माणूस किंवा त्याची मुले हयात असतील तर कात्रणाचा फोटो गावच्या ग्रुपवर टाकण्याआधी त्यांच्याशी बोला. अर्धी बातमी पसरली की पुरी बातमी मागाहून कोणी वाचत नाही.

टिपण लिहिताना प्रत्येक प्रकरणासाठी या क्रमाने जागा ठेवा : पत्र आणि अंकाची तारीख, घटनेची तारीख, न्यायालय, आरोप आणि कलम, बातमीतले जामिनाचे मूळ शब्द जसेच्या तसे, तुम्ही लावलेला अर्थ वेगळ्या ओळीत, हमीदार, पुढची तारीख, निकाल. मूळ शब्द आणि अर्थ कधीही एकत्र लिहू नका, म्हणजे तुमचा अर्थ चुकला तरी पुढच्याला तो दुरुस्त करता येईल. निकाल सापडला नाही तर ती जागा रिकामी ठेवू नका. तिथे लिहा : ‘जामिनावर सुटका झाल्याची नोंद आहे. निकाल सापडला नाही. अमुक पत्राचे अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतचे अंक पाहिले.’